माणशी रोज ६० रुपये : एका सोलापुरी स्वयंपाकघराची वही

१ डिसेंबर २०२४, रविवार

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. दिवाळीनंतर ओव्हरटाइम बंद झाला आणि घरात येणारे महिन्याचे तीन हजार गेले. त्याच आठवड्यात थोरलीचा रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ९.८. ती आठवीत आहे. डॉक्टर म्हणाले या वयात १२ तरी पाहिजे. गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, पालेभाजी, डाळी, अंडी वाढवा. आईची साखर आधीपासूनच काठावर. म्हणजे खर्च कमी करायचा आणि ताटात वाढवायचं, दोन्ही एकाच महिन्यात.

आज बसून नोव्हेंबरच्या सगळ्या चिठ्ठ्या जुळवल्या. घरात पाच माणसं : आई, मी, ही, थोरली, आणि चौथीतला धाकटा. किराणा ५,१५०. दूध दीड लिटर रोज, ५८ रुपयांनी २,६१०. भाजी-फळं १,९००. अंडी-चिकन ६४०. शेवटचा रकाना 'किरकोळ' : बिस्किटं, खारी, टोस्ट, फरसाण, पाच-दहा रुपयांची पाकिटं, संध्याकाळचा वडापाव. ते १,८२०. एकूण १२,१२०.

किरकोळ रकाना दोनदा मोजला. भाजीवर जेवढे घालवले, जवळजवळ तेवढेच पाकिटांवर. थोरलीचं रक्त का कमी, याचा अर्धा जबाब तिथेच मिळाला.

लक्ष्य ठेवलं ९,०००. पाच माणसं, तीस दिवस, माणशी रोज साठ रुपये. रेशनचं धान्य आम्हाला नाही. कार्ड केशरी आहे, पण प्राधान्य यादीत नाव नाही. ज्यांना माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, त्यांनी माझ्या आकड्यांतून ते वजा करून वाचावं.

३ डिसेंबर, मंगळवार

बाजाराला जायच्या आधी कारखान्यात दुपारच्या सुट्टीत एक आकडेमोड केली. दहा ग्रॅम प्रथिन घ्यायला किती पैसे पडतात? आमच्या दुकानाच्या भावाने असं निघालं : सोयाबीन वडी अडीच रुपये, हुलगे चार, हरभरे पावणेपाच, मटकी आणि शेंगदाणे साडेपाचच्या आसपास, अंडं दहा, दूध अठरा, पनीर एकवीस. पनीर आम्ही महिन्यातून दोनदा 'मुलांच्या तब्येतीसाठी' आणत होतो. ते आजपासून बंद.

मंगळवार बाजारातून हुलगे २ किलो, मटकी २ किलो, हरभरे २ किलो, सोयाबीन वडी १ किलो आणली. एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून मालदांडी ज्वारीचा ३० किलोचा कट्टा घेतला, ५२ रुपयांनी १,५६०. मंगळवेढ्याची आहे म्हणाला. सोलापुरात प्रत्येक ज्वारी मंगळवेढ्याचीच असते, त्यामुळे फार खोलात गेलो नाही.

पहिली चूक इथेच झाली, ती मला नंतर कळली. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. डिसेंबरात मिळते ती गेल्या हंगामाची, नऊ-दहा महिने पडून राहिलेली, आणि भाव चढलेला. वर्षाचं धान्य भरायचं ते मार्चमध्ये. मी ऐन महागाईत जुना माल घेतला आणि वर 'घाऊक घेतली' म्हणून खूश झालो.

७ डिसेंबर

गिरणीचा हेलपाटा वाचवावा म्हणून एकदम दहा किलो ज्वारी दळून आणली. गिरणीवाला म्हणाला, "दहा किलो? घरात कार्य काढलंस का बे?" मी हसलो. तोही हसला. तो का हसला ते पुढच्या आठवड्यात कळलं.

लक्ष्मी मंडईत रात्री साडेआठला, उठायच्या वेळेला गेलो. मेथीच्या पेंड्या मिळेल त्या भावाने देत होते. चाळीस रुपयांत बारा पेंड्या. घरी आणल्यावर ही नुसती बघत राहिली. "अहो, ही निवडणार कोण?" दोन पेंड्या त्या रात्री निवडल्या, तीन दुसऱ्या दिवशी. उरलेल्या सात पिवळ्या पडून सोमवारी घंटागाडीत गेल्या. म्हणजे खाल्ली पाच पेंडी, आठ रुपयांना एक. सकाळी ताजी पाच रुपयांना मिळते.

१० डिसेंबर

दूध दीड लिटरचं एक लिटर केलं. महिन्याला ८७० वाचणार असा हिशेब.

मटकीला मोड येईनात. थंडी आहे, रात्रभरात नुसती फुगते. डब्यात फडक्यात बांधून फ्रीजच्या मागच्या ऊबेला ठेवली, तरी दोन रात्री लागल्या. पाणीही जपून. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, त्यामुळे 'कडधान्य तीन-चार पाण्यांतून धुवा' वगैरे सल्ले ऐकायला बरे. आम्ही दोनदा धुतो आणि ते पाणी कुंड्यांना घालतो.

१४ डिसेंबर

भाकऱ्या मोडायला लागल्या. पहिले चार दिवस ठीक होतं. नंतर थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना दोन तुकडे. ही म्हणाली माझा हात बिघडला. आईने पीठ चिमटीत धरून सांगितलं, "हात नाही बिघडला, पिठाची विरी गेली." ज्वारीचं पीठ शिळं झालं की चिकटपणा जातो. त्यात मूळ ज्वारीच जुनी.

उपाय आईचाच. पाण्याला आधण आणायचं, उकळतं पाणी पिठाच्या मधोमध ओतायचं, उलथन्याने कालवायचं, जरा निवालं की तळहाताने रगडून रगडून मळायचं. भाकरी परत धरायला लागली. पण प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं जास्त, आणि हात पोळतो तो वेगळा. गिरणीवाल्याला आज सांगितलं तर म्हणाला, "ज्वारी आठवड्याची दळायची. त्या दिवशी वाटलं होतं तुझ्याकडं पाहुणे हायेत." आता तीन किलोच नेतो.

१५ डिसेंबर, रविवार

ही नोंद मी टाळणार होतो. पण वही दुसऱ्यांच्या उपयोगासाठी लिहितोय म्हटल्यावर टाळून चालणार नाही.

सकाळी वही उघडली तर माझ्या 'बचत' रकान्याच्या शेजारी हिच्या अक्षरात एक रकाना आखलेला. वर लिहिलंय 'मजुरी'. खाली सात दिवस, प्रत्येक दिवसासमोर वेळ. सोमवार ३ तास १० मिनिटं. मंगळवार ३ तास. बुधवार साडेतीन. शेवटी बेरीज, आणि रुपयांच्या जागी शून्य.

ही युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जाते, दहा ते सहा. आधी स्वयंपाकात तिचे दिवसाला पावणेदोन-दोन तास जायचे. माझ्या योजनेने त्यात तास-सव्वा तास वाढवला. पाले निवडणं, मोड आणणं, आधणाच्या भाकऱ्या, बिस्किटाऐवजी संध्याकाळी काहीतरी गरम करून देणं. मी आठवड्याला पाचशे वाचवले असं लिहीत होतो. तिच्या शिलाईच्या तासाचा दर धरला तर मी काहीच वाचवलं नव्हतं, फक्त खर्च तिच्या नावावर टाकला होता. हिशेबनीस म्हणून मला हे स्वतःहून दिसायला हवं होतं. कारखान्यात मी मजुरी सोडून कधी माल काढत नाही.

बोलणं झालं, थोडं चढ्या आवाजातही झालं. ठरलं ते असं : पाला निवडणं आणि लसूण सोलणं माझ्याकडे, बातम्या बघता बघता. भिजत घालणं थोरलीकडे. आठवड्यातून तीन संध्याकाळी भाकऱ्या मी करणार. आणि प्रत्येक नोंदीत पैशाबरोबर मिनिटं लिहायची.

१८ डिसेंबर

माझी पहिली भाकरी. गोल नव्हती, नकाशा होता. पाच भाकऱ्यांना ५५ मिनिटं. धाकट्याने विचारलं, "पप्पा, काय करलालाव?" तीन शब्दांत माझी सगळी अब्रू काढली.

ज्यांना शिकायचं असेल त्यांना एकच सांगतो, पाणी लावायचं ते वरच्या बाजूला आणि ते सुकायच्या आत उलटायची. मी उशीर करत होतो, म्हणून पापुद्रा न सुटता तडे जायचे.

२० डिसेंबर

दुधाची कपात मागे घेतली. दहा दिवस बघितलं तर झालं असं की एक लिटरातलं अर्धं चहाला जात होतं, कारण चहा कोणी कमी केलाच नाही. कमी झालं ते मुलांचं दूध आणि विरजण. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाला दिवसाला ३०० मिली दूध किंवा दही धरलंय. पाच जणांचं बरोबर दीड लिटर होतं. म्हणजे आमचं प्रमाण आधी ठीकच होतं, ते नुसतं चहाच्या कपात जात होतं.

आता दूध परत दीड लिटर, पण चहा दिवसातून पाच वेळचा दोन वेळचा. साखरेचा खर्चही आपोआप उतरला. जेवल्यावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतंच. थोरलीला जेवणानंतर चहाची सवय लागली होती, ती माझ्याच बरोबर बसून. ती मोडली. जेवताना लिंबाची फोड मात्र रोज.

२२ डिसेंबर, रविवार

कट्ट्यात टोके, धान्यातले किडे. वरच्या थरात दिसले नव्हते, तळाला हात घातला तर बोटांवर चालायला लागले. चूक दोन नंबरची : प्लॅस्टिकच्या पोत्यात तसाच भिंतीला टेकवून ठेवला होता. माल आणल्या दिवशी उन्हात टाकला असता, चाळून डब्यात भरला असता तर हे झालं नसतं.

सगळी ज्वारी गच्चीवर पसरली, दिवसभर ऊन दिलं, दोनदा चाळली. पोखरलेली आणि पीठ झालेली साधारण दोन किलो निघाली. पाखरांना टाकली. म्हणजे शंभर रुपये आणि अख्खा रविवार. आता पत्र्याच्या डब्यात, वर कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालून ठेवलीय.

गच्चीवर शेजारच्या अक्का आल्या. त्यांचं घर पद्मशाली, तेलुगू बोलणारं, पूर्व भागात सगळीकडे आहेत तसं. त्यांनी आमच्या कंपाउंडमधल्या शेवग्याकडे बोट दाखवून विचारलं, हा पाला का खात नाही? त्यांच्याकडे मुनगाकू म्हणतात आणि डाळीत घालतात. सध्या मंडईत शेवग्याच्या शेंगेला हात लावता येत नाही, एकेक शेंग मोजून विकतायत. पाला मात्र झाडाला फुकट लोंबतोय आणि आम्ही खालून झाडून टाकतोय! लोह, कॅल्शियम, सगळं त्यात भरपूर. कोवळी पानं ओरबाडून घ्यायची, मुगाच्या डाळीबरोबर शिजवायची. थोडा उग्र वास येतो, लसणाच्या फोडणीने जातो.

लसूण मात्र चारशे रुपये किलो.

२४ डिसेंबर

लसणावरून घरात पेच. शेंगाची चटणी हा आमच्या योजनेचा कणा. शेंगदाणे, तिखट, मीठ, जिरं, लसूण घालून कुटायची, तेल सुटेपर्यंत. भाकरीबरोबर दोन चमचे चटणी म्हणजे प्रथिनही आलं, तेलही आलं, आणि भाजी कमी पडली तरी जेवण अडत नाही. मी लसूण अर्धा करून बघितला, जिरं वाढवलं. आईने एक घास खाल्ला आणि वाटी माझ्याकडे सरकवली. लसूण पूर्वीएवढाच राहिला. काही आकड्यांना हात लावायचा नसतो.

चटणीने तेल मात्र वाचलं. नोव्हेंबरात सहा लिटर लागलं होतं. आता एक लिटरची बाटली आठवड्याला भरून देतो. शनिवारी संपली तर रविवारी बिनतेलाचं. पहिल्या आठवड्यात गुरुवारीच संपली होती.

२६ डिसेंबर

वेळ वाचवणारा पदार्थ सापडला, म्हणजे घरातच होता. पालेभाजीचं गरगट्टं. पाला बारीक निवडायची गरज नाही. पालक, चुका, चाकवत, राजगिरा, करडई, जे स्वस्त ते दोन-तीन प्रकार धुऊन मोठं मोठं चिरायचं. तूरडाळ, मूठभर शेंगदाणे, हिरवी मिरची घालून कुकरला तीन शिट्ट्या. रवीने घोटायचं, वरून फोडणी. निवडण्यापासून ताटापर्यंत ३५ मिनिटं, त्यातली हाताची फक्त पंधरा. आठवड्यातून तीनदा होतं. अंबाडी मिळाली तर तीच. अक्कांकडे तिला गोंगुरा म्हणतात आणि त्या दिवशी दुसरं काही करत नाहीत.

करडईची कोवळी भाजी आत्ताच, थंडीत मिळते. दहा रुपयांच्या दोन पेंड्या. शहरात वाढलेल्या मुलांना माहीत नाही, म्हणून मागणी कमी, म्हणून स्वस्त. पाथरीही तशीच. ती तर कच्चीच भाकरीबरोबर खायची, शून्य मिनिटं.

२९ डिसेंबर, रविवार

कडक भाकरीचा प्रयोग. कल्पना अशी की आठवड्याच्या मधल्या दिवसांचा वेळ रविवारी भरून ठेवायचा. सोलापुरात बायका घरोघरी करून विकतातच. पण विकतची दहाला एक. घरची, गॅस सोडून, चारच्या आसपास पडते.

पहिल्या खेपेला नेहमीची भाकरी करून तीच मंद गॅसवर ठेवली. कडा करपल्या आणि मध्ये ओली. दुसऱ्या दिवशी मऊ पडली, वास धरला. सहा भाकऱ्या वाया. चूक जाडीत होती. कडक भाकरी पापडापेक्षा थोडीशीच जाड थापावी लागते. दोन्ही बाजू भाजून झाल्यावर तवा अगदी मंद करायचा आणि फडक्याने दाबत, फिरवत पाणी घालवायचं. मग उभी करून वाऱ्याला ठेवायची. दुसऱ्या खेपेला पंधरापैकी अकरा जमल्या. ही थापत होती, मी दाबत होतो. दोन तास गेले, पण सोमवार ते बुधवार सकाळचा डबा सुटला. मोडून गरगट्ट्यात किंवा आमटीत कुस्करली की मुलंही खातात. नुसती चटणी आणि दही लावून तर धाकटा बिस्किटासारखी खातो. त्याला ते सांगितलं नाही.

सिलेंडर काल संपला. ४ तारखेला लावला होता, म्हणजे चोवीस दिवस. एरवी बत्तीस जातो. आठशेच्या वरची वस्तू आठ दिवस आधी संपली, म्हणजे दोनशे रुपये हवेत. दोषी हुलगे. एकदा भिजत घालायला विसरलो आणि तसेच कुकरला लावून चाळीस मिनिटं शिट्ट्या देत बसलो होतो.

३० डिसेंबर, सोमवार

वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण. हाफ डे टाकून अक्कलकोटच्या बाजूला मामेभावाच्या शेतावर गेलो. उंडे, भज्जी, आंबील. भज्जीत तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे घाटे, शेंगदाणे, पालेभाज्या, ताक-बेसन, काय नव्हतं? मी मनात दर माणशी खर्च काढत होतो, ते हिच्या लक्षात आलं आणि मला हात जोडले. येताना त्यांनी हरभऱ्याचा कोवळा पाला पिशवीभर दिला. अर्धा ताजा केला, अर्धा सावलीत वाळवून ठेवला. उन्हाळ्यात भाजी महागली की कामाला येतो.

१ जानेवारी २०२५

डिसेंबरची बेरीज : १०,६४०. लक्ष्याच्या १,६४० वर. किरकोळ १,८२० वरून ७१० वर आलं. खरी बचत तिथली आणि पनीरची. बाकी माझ्या घाऊक शहाणपणाने बरंच खाल्लं.

५ जानेवारी

सोयाबीन वडी. कागदावर सगळ्यात स्वस्त, ताटात सगळ्यात महाग, कारण कोणी खात नाही. तीनदा केली, तीनदा उरली. रश्श्यात रबर लागते म्हणे. शेवटी उरलेली वडी कोरडी भाजून मिक्सरला पूड केली आणि थालीपिठाच्या पिठात किलोला शंभर ग्रॅम या मापाने मिसळली. कोणाला कळलं नाही. आईला कळलं, ती बोलली नाही.

८ जानेवारी

संध्याकाळच्या पाचच्या भुकेचं कोडं सुटलं. किरकोळ रकाना तिथेच भरतो. मुलं शाळेतून येतात, घरात फक्त आई, आणि कोपऱ्यावरचं दुकान उघडं. फुटाणे-गूळ आठवडाभर चाललं, मग धाकट्याने मित्राकडे जाऊन बिस्किटं खायला सुरुवात केली.

आईने हुलगे भाजून, भरडून, चाळून पीठ करून ठेवलं आणि माडगं करायला लागली. पाण्यात गूळ आणि सुंठ, वरून पिठाची पेस्ट सोडायची, दहा मिनिटं ढवळायचं. थंडीत गरम वाटीभर. तिच्यासाठी बिनगुळाचं, मीठ-जिरं घालून. पिठाच्या हुलग्यांना शिट्ट्याही लागत नाहीत, गॅसचं भांडण मिटलं. त्याच पिठाचे शनिवारी रात्री शेंगोळे. वळायला चौघांचे हात लागले तर वीस मिनिटं, एकटीला पाऊण तास. त्यामुळे शेंगोळे फक्त सगळे घरी असतील तेव्हाच, हा नियम हिने केलाय.

रविवारी बिस्किटाचा एक पुडा अधिकृत.

१३ जानेवारी, भोगी

भोगीच्या भाजीला वांगी, वाल, हरभरे, गाजर, बोरं, तीळ, बाजरीचं पीठ, सगळं मिळून ३१० रुपये एका दिवसात. सणाच्या आदल्या दिवशी मंडईत गेलो, भाव सणाचेच होते. तीन दिवस आधी जायला हवं होतं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत पोरांनी जे खाल्लं ते या वहीत लिहिलेलं नाही. लिहिलं तर वही मोडेल.

१९ जानेवारी

आईची जेवणानंतरची साखर मोजली, वाढलेली. तिला धक्का बसला, मलाही. भात जवळजवळ बंद होता, ज्वारी चालते म्हणून सगळे सांगतात. खोदून विचारलं तर कळलं, 'भाकरीच तर आहे' म्हणून ती तीन-तीन खात होती, वर गुळाचं माडगं चोरून. भाकरीत चोथा भरपूर असतो हे खरं, पण शेवटी तेही पिठूळच. आता ताट उलटं वाढतो. आधी गरगट्टं किंवा उसळ वाटीभर, काकडी-मुळा, मग दीड भाकरी. कुरकुर आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

जानेवारी : किराणा ३,४८०. दूध २,६९७. भाजी-फळं २,०५०, म्हणजे नोव्हेंबरपेक्षा जास्त, आणि ते तसंच हवं होतं. अंडी दोन ट्रे ४००, चिकन एकदा २२०. किरकोळ ३४०. एकूण ९,१८७.

लक्ष्य १८७ रुपयांनी हुकलं असं लिहिलं की बरं दिसतं. पण कट्ट्यातली साधारण १२ किलो ज्वारी जानेवारीत खाल्ली आणि तिचे पैसे डिसेंबरात पडलेत. ते ६२४ मिळवले तर खरा आकडा ९,८११. नोव्हेंबरपेक्षा २,३०९ कमी, पण नऊ हजारांत बसलो नाही. गॅस यात धरलेला नाही. या वेळचा सिलेंडर तीस दिवस गेला. शिवाय हे थंडीचे आकडे आहेत. मे महिन्यात भाजीचं काय होतं ते तेव्हा लिहीन.

मिनिटं : ही १ तास ४० मिनिटं रोज, मी १ तास ५, आई ४० मिनिटं. घराची बेरीज केली तर आधीपेक्षा तासाहून जास्त वेळ जातोय. तो कुठेही वाचलेला नाही, फक्त वाटून घेतलाय. ज्या घरात एकच माणूस राबतो त्यांनी माझी पूर्ण यादी उचलू नये. गरगट्टं, चटणी, अंडी, पाथरी एवढंच घ्यावं आणि किरकोळ रकाना आधी मोजावा.

९ फेब्रुवारी, रविवार

थोरलीचं हिमोग्लोबिन १०.९. दहा आठवडे गोळ्या चालू होत्या, त्यामुळे श्रेय गोळ्यांना किती आणि शेवग्याच्या पाल्याला किती, हे मी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणाले गोळ्या सोडू नका. पाला सोडा असंही म्हणाले नाहीत.

शेतकऱ्याचा फोन होता. नवी ज्वारी महिनाभरात येते, दोन कट्टे ठेवू का? एकच सांगितला, तोही हातात घेऊन, दाताखाली फोडून बघितल्याशिवाय नाही. आणल्या दिवशी गच्चीवर ऊन देणार, तो रविवार आधीच मोकळा ठेवलाय.

वहीतला मिनिटांचा रकाना या महिन्यापासून ही लिहिणार आहे. माझ्या भाकऱ्यांची ५५ मिनिटं मी चाळीस लावत होतो, हे तिने घड्याळ लावून पकडलं.